तक्रारकाकांचा रविवार

आमच्या गल्लीत त्यांना सगळे तक्रारकाका म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला चुकलास म्हणायची सोय नाही. नळाला पाणी कमी येतं, जिन्यातला दिवा लुकलुकतो, टपालपेटीचं झाकण नीट लागत नाही, समोरच्या इमारतीतला कुत्रा उगाच भुंकतो. या सगळ्याबद्दल काका कुठे ना कुठे जाऊन तक्रार करून आलेले असतात. आणि तक्रार म्हणजे आरडाओरडा नव्हे हं. आवाज शांत, सगळं मुद्देसूद. आधी नाव, मग पत्ता, मग बिघाडाचं स्वरूप, मग तो कधीपासून आहे ते. समोरचा माणूस कंटाळून मान डोलवायला लागला की काका विचारतात, "नोंद झाली का?" झाली म्हटलं की आभार मानून चालू पडतात. कुत्र्याच्या मालकाचेसुद्धा त्यांनी आभार मानले होते.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सगळी हयात त्यांनी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढली. फोन बंद पडलेला माणूस तक्रार करणार कुठून, तर शेजाऱ्याच्या घरून. म्हणजे तो आधीच शेजाऱ्याचा उपकार घेऊन वैतागलेला असायचा. तो तिकडून तोंडसुख घ्यायचा आणि इकडे काका थंडपणे विचारायचे, "बिघाडाचं स्वरूप सांगा." निवृत्त झाल्यावर तक्रारी ऐकणं थांबलं, तेव्हा ते तक्रारी करायला लागले असावेत. माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

माझं दुकान त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, जुन्यात नवं घालून द्यायचं, गेलेले फोटो परत आणायचे, असली कामं. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि गिऱ्हाइकांचं मतही फारसं वेगळं नसावं. तरी ती येतात, कारण मी काम चोख करते आणि खोटं बोलत नाही.

तर एक दिवस दुकानात फोन वाजला. आवाज बाईचा होता, लांबून आलेला.

"ताई, मी वरच्या मजल्यावरच्या काकांची मुलगी बोलतेय."

"तक्रार..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. "हां, बोला ना."

ती हसली. "म्हणा हो. मला माहीत आहे त्यांना काय म्हणतात ते."

ही त्यांची एकुलती एक मुलगी. बरीच वर्षं दुसऱ्या देशात आहे, एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात. दिवसभर डॉक्टरांच्या आणि नर्सच्या तक्रारी सोडवायच्या हे तिचं काम. म्हणजे बापाचं रक्त कुठे लपत नाही म्हणायचं. तिनं सांगितलं ते असं: बाबांचा कॉम्प्युटर दर रविवारी काही ना काही दुखणं काढतो. ती तिकडे बसून एका प्रोग्रामातून बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते आणि दुरुस्ती करते. पण बाबांची सिस्टीम आता फार जुनी झाली. कंपनीनं तिच्याबाबतीत हात वर केलेत. येत्या महिनाअखेरीपासून तिला चोरचिलटांपासून संरक्षण नाही, आणि आत शिरायचा तो प्रोग्रामही जुन्यावर चालणार नाही.

"किती दिवस सांगतेय, नवीन टाकून घ्या म्हणून," ती म्हणाली. "हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. विचार करतो म्हणतात. तुम्ही जरा समजावा ना त्यांना. मशीन ठीक आहे, मेमरी तेवढी वाढवावी लागेल."

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच दुकानात आले. चप्पल बाहेर काढून आले. माझ्या दुकानात कोणी चप्पल काढत नाही, मी स्वतः काढत नाही.

"ताई, एक चौकशी होती."

"नव्या सिस्टीमची ना?"

"हो. नव्यात काय काय बिघडतं?"

लोक विचारतात, नव्यात काय काय मिळतं. हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं म्हातारा घाबरलाय. मग मी माझं ठेवणीतलं भाषण बाहेर काढलं. म्हटलं, काका, काही म्हणजे काही बिघडत नाही. ती स्वतःच स्वतःला तपासते, स्वतःच दुरुस्त करते. प्रिंटर आपण होऊन ओळखते. तुमच्या मुलीला ढुंकूनसुद्धा बघावं लागणार नाही.

काकांचा चेहरा पार उतरला. "असं," ते म्हणाले. "म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

"आवाज जाणं वगैरे?"

"नाही."

"स्क्रीनवरची चित्रं इकडची तिकडे होणं?"

"काका, तुम्हाला सिस्टीम हवीय की बिघाड?"

ते कसनुसं हसले, चपला घातल्या आणि विचार करतो म्हणून गेले. पण ते पुन्हा आले. मग परत आले. मुलीसाठी स्थळ बघताना बाप जशा चौकश्या करतो तशा चौकश्या चालल्या होत्या त्यांच्या. जुनंच ठेवलं तर काय होईल? नव्यातून परत जुन्यावर येता येतं का? एकदा म्हणाले, "जुनं तसं छान चाललंय हो."

मी वैतागले होते. "जुनं छान चाललंय म्हणता आणि दर रविवारी बंद पडतं म्हणता. एकाच तोंडानं?"

"दोन्ही खरं आहे," काका म्हणाले.

"मग ऐका. जुनं ठेवलंत तर पुढच्या महिन्यापासून तुमची मुलगी आत येऊ शकणार नाही. कितीही बिघडू दे."

"म्हणजे बाण येणार नाही?"

"कसला बाण?"

दाराशी वाकून चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला एवढं मात्र मला दिसलं.

त्या रविवारी मुलीनं मला वर जाऊन थांबायला सांगितलं होतं. ती तिकडून आत येईल तेव्हा मी इकडे मशीन उघडून बघावं, असा तिचा बेत. मी गेले. काकांची खोली स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. खिडकीखाली टेबल, त्यावर कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी जुना तबकडीचा नसला तरी जुनाच वायरवाला फोन, रोज पुसलेला. टेबलाशी दोन खुर्च्या. एक काकांची. दुसरीवर फुलाफुलांची उशी बांधलेली. मी तिच्यावर टेकायला गेले तर काका घाईघाईनं आतून स्टूल घेऊन आले, म्हणून मी स्टुलावर बसले. काकांच्या बायकोला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस पाण्यानं बसवले होते.

"कॅमेऱ्यावर बोलता का तुम्ही?" मी विचारलं.

"छे, कॅमेरा कुठाय."

"मग शर्ट?"

"रविवार आहे ना," काका म्हणाले.

फोन वाजला. काकांनी उचलला आणि स्पीकर लावून ठेवला.

"बोल."

"काय बिघडलं?"

कसे आहात नाही, जेवलात का नाही. मुलीचा पहिला शब्द हा. आणि काकांनीही लगेच सांगायला घेतलं, "आवाज येत नाही. काल संध्याकाळपासून. त्याआधी व्यवस्थित होता."

"बरं. हात लावू नका."

काकांनी माउसवरचा हात उचलला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि ताठ बसले. स्क्रीनवरचा बाण जरासा हलला, थांबला, मग आपला आपण वर सरकायला लागला. हा प्रकार माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. मीही गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरमध्ये अशीच शिरते. पण त्या बाणाकडे असं बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

"आली," काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले.

बाण फिरत होता. खिडक्या उघडत होता, मिटत होता. दोघं एक अक्षर बोलत नव्हती. फोनमधून कीबोर्डची टकटक यायची, कुठलं तरी दार लागल्याचा आवाज यायचा.

"आज दमलीय," काका पुटपुटले. "बाण सरळ जात नाहीये बघा." थोड्या वेळानं बाण एका जागी थांबला तेव्हा म्हणाले, "चहा पितेय."

"झालं," मुलगी म्हणाली. "वाजतंय?"

"वाजतंय."

"ताई, तुम्ही बघितलंत ना आत? ठीक आहे ना?"

मी म्हटलं सगळं ठीक आहे, मेमरी आणते. ती म्हणाली, "बाबा, ठरवा आता लवकर. ठेवते." आणि जाता जाता बाणानं स्क्रीनच्या मधोमध एक गोल काढला आणि थांबला. "ती जाताना नेहमी तसं करते," काकांनी मला सांगितलं. फोन बंद झाल्यावरही ते बराच वेळ माउसला हात लावेनात.

आवाज नुसता बंद करून ठेवलेला होता, बिघाड कसलाच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण म्हातारी माणसं काहीही दाबून बसतात. मी सोडून दिलं.

पुढच्या शनिवारी मेमरी आली. दुपारी दुकानात शुकशुकाट होता, म्हणून म्हटलं आत्ताच बसवून येऊ. दार नुसतं लोटलेलं. आत गेले तर काका टेबलाखाली गुडघ्यांवर. प्रिंटरची वायर त्यांनी मागून काढली होती आणि ते तिचं वेटोळं करत होते. कसं सुबक वेटोळं! खात्यातले लोक करतात तसं, एकावर एक, मध्ये पीळ देऊन अडकवलेलं.

"काका, काय झालं वायरला?"

ते तिथेच थांबले. डोकंसुद्धा वर केलं नाही.

"उद्या रविवार आहे," ते म्हणाले.

मला समजायला क्षणभर लागला. आणि समजल्यावर माझा असा पारा चढला की विचारू नका.

"म्हणजे दर आठवड्याला तुम्हीच?"

"हो."

"ती तिकडे कामाच्या रगाड्यातून वेळ काढते, आणि तुम्ही इकडे वायरी उपटून बसता?"

"हो."

"अहो, या वयात शोभतं का हे?"

काका टेबलाखालून बाहेर आले, पण उठले नाहीत. तसेच फरशीवर बसले, मांडीवर ते वेटोळं घेऊन. मग मलाही त्यांच्यावर ओरडत उभं राहणं बरं दिसेना. मी स्टूल ओढलं.

"आमच्याकडे फोन फुकट होता," काका म्हणाले. "खात्याचा. फुकट म्हणून कोणी तासन्‌तास बोलत बसू नये, म्हणून मीच नियम केला होता. कामापुरतं बोलायचं. लाइन अडकवायची नाही. मुलगी लहान होती तेव्हा मैत्रिणीशी बोलायला लागली की मी मागे उभा राहायचो. काय काम आहे ते बोल आणि ठेव."

"आणि काकू?"

"ती कुठे ऐकायची! ती एकटीच नियम मोडायची. मुलगी तिकडे गेल्यावर तर काय, दोघींचं रोजचं चालायचं. फोन मी उचलायचो. ती म्हणायची, बाबा? मी म्हणायचो, थांब, आईला देतो. वर्षानुवर्षं आमचं दोघांचं एवढंच बोलणं. पण मला तेवढं पुरायचं हो. ही तिथे त्या खुर्चीत बसून बोलायची, मी पेपर वाचता वाचता ऐकायचो. मुलीचं सगळं कळायचं मला."

ते वायरीचा पीळ सोडवत होते, पुन्हा घालत होते.

"ही गेली तेव्हा मुलगी आली होती. राहिली, मग परत गेली. पोचल्यावर तिनं फोन केला. मी उचलला. बाबा, म्हणाली. आणि मी म्हणालो, थांब, आईला देतो."

काकांनी वायरीचा पीळ पुन्हा आवळला.

"रिसीव्हर खाली ठेवून मी उठलोसुद्धा. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो हाक मारायला. मग परत आलो. तिकडून ती बोलेना, इकडून मी बोलेना. शेवटी ठेवते म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. रागानं नव्हे. आला असता तर मी पुन्हा तेच म्हणेन अशी भीती मलाच वाटत होती, तर तिला का नाही वाटणार?"

मग कधीतरी प्रिंटर बिघडला. तो मात्र खरोखर. काकांकडे सांगायला काम आलं, म्हणून त्यांनी फोन केला. ती म्हणाली, बघते, हात लावू नका. आणि पहिल्यांदा बाण आला.

"बराच वेळ होती," काका म्हणाले. "घरात कोणीतरी वावरतंय असं वाटलं, ताई. मला फार बरं वाटलं. पण पुढच्या रविवारी प्रिंटर चांगला चालत होता. मग फोन काय म्हणून करायचा? म्हणून मी आवाज बंद केला."

"अहो, सरळ फोन करायचा. कशी आहेस विचारायचं."

मी त्यांना भर रस्त्यात नाचायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि पुढे काय बोलायचं?"

माझा मुलगा माझ्याच घरात राहतो आणि वरच्या खोलीतून मला मेसेज पाठवतो, 'चहा?' मी अंगठा पाठवते. मी कोणाला शिकवणार?

"मी सांगू का तिला?" मी विचारलं.

"नको नको." काका एकदम घाबरले. "आमच्याकडे एक म्हातारी बाई तक्रार करायची. माझा फोन वाजत नाही म्हणायची. आणि बोलायची त्याच फोनवरून. आम्ही इकडून वाजवून दाखवायचो. वाजला का? हो, आता वाजला, म्हणायची. दोन दिवसांनी परत तेच. सगळा विभाग कंटाळला होता. एकदा मी तिला म्हटलं, बाई, लाइन चालू आहे. तुम्हाला कोणी करत नाही. आमच्या खोलीत हशा पिकला. तिनं त्यानंतर कधी फोन केला नाही." त्यांनी वेटोळं मांडीवरून खाली ठेवलं. "मुलीनं मला तसं म्हणू नये, बस."

मी खाली आले ती डोकं जड करून. मेमरी तशीच पिशवीत राहिली होती. मघापर्यंत मला जो म्हाताऱ्याचा हट्ट वाटत होता तो हट्ट नव्हताच. जुनं ठेवावं तर महिनाअखेरीपासून बाण येणार नाही. नवं घ्यावं तर बाण येऊ शकेल, पण त्याला बोलवायला कारण उरणार नाही. आणि नव्यात काही बिघडत नाही, असं त्यांना छातीठोकपणे सांगणारी मी.

महिना संपत आला तेव्हा काका दुकानात आले. "टाका नवीन," म्हणाले.

"नक्की?"

"लाइन जिवंत पाहिजे, ताई. कोणी बोलो न बोलो. तुटलेली लाइन उशाशी घेऊन बसण्यात काही अर्थ नाही."

मी नवीन सिस्टीम टाकली. तपासायला मुलगी आत आली. नवाकोरा निळा स्क्रीन, त्यावर तिचा बाण झरझर फिरला. ती खूश होती. "मस्त चाललंय बाबा! आता मला यावं लागणार नाही. रविवार मोकळा झाला माझा."

"हो ना," काका म्हणाले. "तुला सुट्टी मिळाली."

बाणानं गोल काढला. काकांनी शर्टाची बाही सारखी केली. मला वाटलं, फोन हिसकावून घ्यावा आणि त्या पोरीला चार शब्द सुनवावेत. पण तिचं तरी काय चुकलं होतं? आपण बापाचं काम संपवलं म्हणून ती खूश होती. कामाचंच बोलायला शिकवलं होतं तिला.

काकांनी प्रयत्न सोडला नव्हता म्हणा. मधल्या वारी मी वर गेले की ते नवी हकिगत सांगायचे. आवाज बंद करून बघितला, तर सिस्टीमनं विचारलं, आवाज बंद आहे, चालू करू का? प्रिंटरची वायर काढली, तर तो वायरीशिवाय छापायला लागला. चित्रं इकडची तिकडे केली, तर सकाळी सगळी रांगेत उभी. "अति कामसू आहे हो," काका म्हणाले. "हातात काही राहूच देत नाही."

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली. ती सिस्टीम मधूनच एक चौकोन दाखवते, 'तुमचा अनुभव कसा आहे? आम्हाला सांगा.' जगात कोणी त्या चौकोनाला उत्तर देत नाही. मी तर डोळे झाकून बंद करते. काका सविस्तर उत्तर द्यायचे. माझ्यासमोर एकदा टाइप करत होते, एकेका बोटानं. आधी नाव. मग पत्ता. मग: बिघाडाचं स्वरूप. तिथे थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, 'बिघाड आढळत नाही.' आणि पाठवून दिलं. "वाचतं हो कोणीतरी," ते म्हणाले. "आम्ही वाचायचो."

असे काही रविवार गेले. एका रविवारी दुकान बंद होतं, घरी बसवेना, म्हणून मी सहज त्यांच्याकडे गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. केस पाण्यानं बसवलेले. स्क्रीन चालू, फोन पुसलेला.

"काय काका, काही अडलंय का?"

"काही नाही," काका म्हणाले. अगदी खात्यातल्या आवाजात म्हणाले, "लाइन चालू आहे, ताई. कोणी करत नाही."

बोलले आणि आपलंच बोलणं आपल्याला ऐकू आल्यासारखे गप्प झाले. चष्मा काढून पुसायला लागले. चष्म्याला काही झालं नव्हतं.

मला ते बघवेना. मी रिसीव्हर उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला. "करा फोन."

"काय काम म्हणून सांगू?"

"काही काम नाही म्हणून सांगा."

"असा फोन कोणी करतं का?"

"सगळे करतात! जगातले निम्मे फोन तसलेच असतात. तुमच्याच खात्याला विचारा."

त्यांनी नंबर लावला. स्पीकर मी लावला. वाजता वाजता तिनं उचलला. मागे लोकांचे आवाज, चाकांची खडखड; रविवार असूनही कामावर होती.

"बाबा? काय बिघडलं?"

काकांनी तोंड उघडलं. सवयीनं सगळं ओळीनं ओठांवर आलं असणार. मग म्हणाले, "काही नाही."

"मग?"

"काही बिघडलेलं नाही. सगळं व्यवस्थित चालू आहे."

तिकडची चाकांची खडखड थांबली. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी. "बाबा, बरं वाटत नाहीये का? पडलात का? जवळ कोण आहे तुमच्या? त्यांना फोन द्या."

"बरा आहे मी. या ताई आहेत इथे. मी सहज केला."

"सहज?"

"हो. सहज."

त्या घरात हा शब्द वापरणारं एकच माणूस होतं, आणि त्याची खुर्ची माझ्या बाजूला रिकामी होती. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, काहीतरी बोल, जेवण झालं का म्हणून तरी विचार. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला होता, की लांबून तसा आला, मला सांगता येणार नाही. "मला बोलवतायत. मी... मी करते नंतर."

"हो हो, जा. लाइन अडकवू नको," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी कपाळावर हात मारला. "काका! 'लाइन अडकवू नको' कशाला म्हणालात हो?"

"सवय," काका म्हणाले. त्यांचा हात अजून फोनवरच होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पण नोंद झाली ना?"

"कसली?"

"तक्रारीची."

माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या वेळी ती जागची हलेना. "झाली," मी म्हटलं.

"मग आता वाट बघायची. दुरुस्तीला वेळ लागतोच."

ते स्क्रीनकडे वळले. माउसवरून हात काढला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले, हात लावू नका असं कोणी सांगितल्यासारखे. मी त्या उशीच्या खुर्चीत बसले. या वेळी ते स्टूल आणायला उठले नाहीत. बाण स्क्रीनच्या मधोमध होता, त्यांनी सोडला होता तिथेच. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.